पाकातली सफरचंदे

सफरचंद आमच्या घरी हौसेने कधी आलेच नाही. आंबा हौसेने यायचा, फणस कोणाच्या तरी वाडीतून न सांगता यायचा, जांभळे मुलांच्या खिशातून यायची. पण दारात सफरचंदांची पिशवी आली की समजावे, घरात कोणीतरी अंथरुणावर आहे. पनवेलसारख्या गावात, जिथे पुण्याचा रस्ता एकीकडे जातो आणि गोव्याचा दुसरीकडे, तिथे देशावरचे नि कोकणातले सगळे काही दारावरून जात असते. तरीही सफरचंद हे आमच्या लेखी आजाऱ्याचेच फळ राहिले. डॉक्टरांनी "फळं द्या" म्हटले की मोसंबी आणि सफरचंद, तिसरे नाव नाही!

परवाच्या साली श्रावणात मामंजी गेले. त्याआधी दीड महिना ते इस्पितळात होते. भेटायला येणारा प्रत्येक जण उरण नाक्यावरून अर्धा डझन सफरचंदे घेऊन यायचा. मामंजींना चावणे होत नव्हते. सासूबाई सफरचंदाचे दोन भाग करीत आणि चमच्याने त्याचा गर खरवडून त्यांना भरवीत. दोन चमचे गेले की मामंजी मान फिरवीत. उरलेला अर्धा भाग बशीत काळा पडत राही. ते गेल्यावर टेबलावर अकरा सफरचंदे शिल्लक होती, हे मला अजून आठवते, कारण सासूबाईंनी ती मोजून कामवाल्या बाईंच्या पदरात घातली आणि म्हणाल्या, "पुन्हा हे फळ घरात नको."

त्या वर्षीच्या दिवाळीत अर्थात कढई चढली नाही. शेजारच्या घरांतून डबे आले, रीतीप्रमाणे. आमच्या लाइन आळीतल्या बायकांनी काही कमी केले नाही. चकल्यांचे पाच प्रकार घरात होते. पण दुसऱ्यांच्या डब्यातल्या फराळाने घराला दिवाळीचा वास येत नाही, हे ज्यांच्यावर अशी दिवाळी गेली आहे त्यांना सांगायला नको. नंतर वर्षश्राद्ध झाले, कढई चढवायला आता हरकत नव्हती. मी नवरात्रातच विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "आता काय, विकत मिळतं सगळं. आणा दोन किलो." एकेकाळी ज्यांच्या चिरोट्यांसाठी लग्नघरांतून बोलावणी यायची, त्या बाईंच्या तोंडचे हे वाक्य. मी काही बोलले नाही.

कोंडी फोडली ती माझ्या अकरा वर्षांच्या पुतण्याने. माझे दीर-जाऊ सहा-सात वर्षे कॅनडात होते. ते परत येऊन खारघरला राहू लागले. मुलगा रविवारी आमच्याकडे असतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो म्हणाला, "काकू, मला ॲपल फ्रिटर करून दे ना. तिकडे शनिवारी बाबा आणायचे." मी त्याला लाडू दाखवला, शंकरपाळे करते म्हटले. त्याने ऐकून घेतले, आणि मग फार हळू आवाजात म्हणाला, "इथलं सगळं छान आहे. पण तिकडचं एक तरी पाहिजे ना." आता यावर कोणती काकू नाही म्हणेल?

तर हे फ्रिटर म्हणजे काय, ते आधी सांगते. सरळ सांगायचे तर फळाचे भजे. युरोपात याचे दोन-तीन अवतार आहेत. जर्मनीच्या दक्षिण भागात सफरचंदाच्या गोल चकत्या करून, मधला गाभा काढून, पिठात बुडवून तळतात आणि वर साखर-दालचिनी भुरभुरवतात. हॉलंडमध्ये असेच काही तळण वर्षअखेरच्या रात्री होते, जसे आपले दिवाळीला. अमेरिका-कॅनडातल्या दुकानांतला प्रकार मात्र वेगळा. तिथे यीस्टने फुगवलेल्या कणकेत सफरचंदाच्या फोडी कालवून त्याचा ओबडधोबड गोळा तळतात आणि वर साखरेचा पातळ, चकचकीत लेप देतात. माझ्या पुतण्याला हवा होता तो हाच. यीस्टची कणीक भिजवून, फुगवून, पुन्हा मळून तळणे मला घरात नको वाटले. म्हणून पीठ सैल भिजवून फोडी त्यात घालण्याचा, घरोघरी होणारा प्रकार मी धरला.

आणि हे आपल्याला अगदी परके आहे असेही नाही हो. पिकलेली केळी कुस्करून, गूळ-कणकेत कालवून गुलगुले आपण करतोच. लाल भोपळ्याचे घारगे आहेत, पाकातले चिरोटे आहेत, बालुशाही आहे. पिठाचे गोड वडे तुपात तळण्याची हौस किती जुनी म्हणावी, तर तुपातल्या अपूपाचा उल्लेख ऋग्वेदात आहे. फक्त सफरचंद आपल्या कढईत पडले नाही, कारण ते आपल्याकडे पिकत नाही आणि परवडतही नसे.

पिकते ते काश्मिरात आणि हिमाचलात. आज बाजारात जे गडद लाल, खाली पाच उंचवटे असलेले सफरचंद दिसते, ते हिमाचलात आणले एका अमेरिकन माणसाने. सॅम्युअल स्टोक्स हे 1904 साली हिंदुस्थानात आले, सिमल्याजवळच्या कोटगढला राहिले, इथल्याच मुलीशी लग्न करून इथलेच झाले, आणि पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले. 1916 च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून 'रेड डिलिशस' जातीची रोपे आणून लावली. तिथल्या शेतकऱ्यांचे नशीब त्या झाडांनी पालटले. म्हणजे माझा पुतण्या जो पदार्थ 'तिकडचा' म्हणून मागत होता, त्यातले फळ त्याच्याही आधी शंभर वर्षे तिकडून येऊन इकडचे झाले होते. त्याला मी हे सांगितले, तर त्याने विचारले, "त्यांना आवडलं का इथे?" मी म्हटले, "राहिले बाबा जन्मभर."

पण हेच लाल सफरचंद तळणाला फारसे चांगले नाही, हे मला पहिल्या घाण्यात कळले. ते गोड असते, आंबटपणा बेताचा, आणि साठवणीतले असेल तर पिठूळ होते. तळले की आत नुसता लगदा. तळायला फळ हवे कडक आणि आंबटसर. हिरवी 'ग्रॅनी स्मिथ' मिळाली तर उत्तम. ही जात ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ या आजीबाईंच्या बागेत 1868 च्या सुमारास निघाली, म्हणून नावातच ती 'ग्रॅनी'. आपल्याकडे ती महाग पडते. तेव्हा लालच घ्या, पण हंगामाची घ्या. दिवाळीच्या सुमारास काश्मीरचा नवा माल वाशीच्या फळबाजारात उतरलेला असतो. दाबून पाहा, नखाने टिचकी मारा, ठणठणीत आवाज आला पाहिजे. आंबटपणाची उणीव लिंबाने भरून काढता येते.

पहिल्या घाण्याची फजिती लपवण्यात अर्थ नाही. मी फोडी मोठ्या केल्या, त्यांवर साखर घालून ठेवल्या आणि पीठ भिजवायला गेले. साखरेने फोडींचे पाणी ओढून घेतले. ते पाणी पिठात, पीठ पातळ, तेल जास्त तापलेले. वरून काळपट तपकिरी, आतून कच्चे! त्यावर मी पिठीसाखर दुधात कालवून ओतली. भजी गरम, म्हणून ती वितळून ताटलीत उतरली. उरली ती संध्याकाळपर्यंत ओलीचिंब झाली. आमच्या गावची हवा ऑक्टोबरातसुद्धा मिठाला पाणी सोडायला लावते, तिथे दुधासाखरेचा लेप काय टिकणार? पुतण्याने दोन खाल्ली, पण ती सौजन्याने, हे दिसतच होते.

दुसऱ्या रविवारी मी शहाणी झाले होते. प्रमाण लिहून घ्या. मध्यम आकाराची दोन सफरचंदे, म्हणजे साधारण 300 ग्रॅम. साल काढून, बिया काढून, वाटाण्याहून थोड्या मोठ्या फोडी करा, त्यांवर अर्धा चमचा लिंबाचा रस चोळा. चिरलेले सफरचंद काळे पडते ते त्यातल्या एका विकराचा हवेशी संबंध आल्याने. लिंबाच्या आंबटपणाने ती क्रिया मंदावते. 150 ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा दालचिनीची पूड आणि, हे माझे स्वतःचे, थोडे जायफळ. हे सगळे कोरडेच दोनदा चाळा. त्यातला चमचाभर मैदा फोडींवर भुरभुरून त्या घोळवून घ्या, म्हणजे फोडी पिठाला धरून राहतात. उरलेल्या मैद्यात 100 मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे गोड दही आणि एक चमचा पातळ तूप घालून जाडसर भिजवा. अंडे चालत असेल तर दह्याऐवजी एक अंडे घाला आणि दूध थोडे कमी करा. फार घोटू नका. मैदा घोटला की चिवट होतो. फोडी अगदी शेवटी घाला आणि लगेच तळायला घ्या, थांबू नका.

तेल मध्यम तापलेले हवे. पिठाचा थेंब टाकला की तो खाली जाऊन, बुडबुडे काढीत, सावकाश वर आला पाहिजे. टाकल्याबरोबर वर येऊन रंगला तर तेल जास्त तापले आहे. चमच्याने लहान लहान वडे सोडा, एका वेळी चार-पाचच, आणि दोन्ही बाजू मिळून चार मिनिटे तरी द्या. ओल्या फोडी तेलात तडतडतात, तेव्हा मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. पुतण्याला मी दाराच्या उंबऱ्यापलीकडे बसवले होते, तिथून तो हुकूम सोडीत होता.

राहिला लेप. या वेळी दुधाचा नाद सोडून मी पाक करायला घेतला. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली, आणि मी लिंबू पिळायला हात उचलला, तोच मागून आवाज आला, "लिंबू कशाला?"

सासूबाई स्वयंपाकघरात कधी आल्या ते मला कळले नव्हते. मी म्हटले, "साखर धरू नये म्हणून." त्या म्हणाल्या, "धरू नये? अगं, धरायलाच पाहिजे. गुलाबजामच्या पाकाला लिंबू. हे चिरोट्यासारखं आहे, वर पांढरी साखर बसली पाहिजे."

आणि त्यांचे खरे होते. लिंबाच्या आंबटाने पाकातल्या काही साखरेचे दोन वेगळ्या साखरांत विघटन होते, त्या मध्ये आल्या की खडे जमत नाहीत. पाक ओलसर, चिकट राहतो. आपल्याला हवा तो सुकणारा पाक, तेव्हा लिंबू वर्ज्य. शिवाय दोनतारी पाकात पाणी थोडे उरलेले असते, म्हणून भज्याचे कवच मऊ पडत नाही. पहिल्या खेपेच्या दुधासाखरेत तेच चुकले होते. हे सगळे मी नंतर वाचून समजून घेतले. सासूबाईंनी ते कधी वाचले नसावे.

त्यांनी पळीवरचा पाक निवेल तसा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरला. एक तार आली, तुटली. "अजून." गॅस थोडा बारीक केला. पुन्हा धरला, दोन तारा आल्या. त्यांनी पातेले उतरवले आणि पळीने कडेकडेने घोटू लागल्या. पाक दुधाळ झाला तशी म्हणाल्या, "आण आता. कोमट आहेत ना? गरम असतील तर पाक अंगावर राहायचा नाही." भजी एकेक बुडवून, झारीने निथळून त्यांनी जाळीवर ठेवली. मध्येच पाक आळला, तर चमचाभर पाणी घालून पुन्हा मंद आचेवर सैल केला. पाच-दहा मिनिटांत प्रत्येक भज्यावर पांढरट, कुरकुरीत साय धरली.

पुतण्या उंबरा ओलांडून आत आला होता. त्याने एक उचलले, फुंकले, खाल्ले, आणि डोळे मिटून म्हणाला, "हे तसं नाही." माझा चेहरा उतरला. "तिकडचं मऊ असतं. हे कुरकुरीत आहे." मग त्याने दुसरे उचलले, मग तिसरे. "आजी, तू खा ना."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग जाळीकडे. "यात सफरचंद आहे ना रे?" तो म्हणाला, "हो, मग! तेच तर आहे." त्यांनी एक भजे घेतले, मोडले, आतली फोड बोटांनी चाचपली. ती शिजून पारदर्शक झाली होती, चमच्याने खरवडावी लागेल अशी नव्हती. त्यांनी ती खाल्ली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जायफळ थोडं कमी चालेल." आणि पुतण्याला, "फ्रिटर काय रे, बोंडं म्हण. सफरचंदाची बोंडं."

त्या दिवसापासून आमच्या घरी त्यांचे नाव बोंडे. ती त्याच दिवशी संपवावीत. दुसऱ्या दिवशी आतल्या फळाची ओल बाहेर येते आणि कवच मऊ पडते. एवढ्या प्रमाणात पंधरा-सोळा होतात, आणि पाक थोडा उरतोच. त्याचे काय करावे हे मी विचारणार, तोच सासूबाई पातेल्यावर झाकण ठेवीत म्हणाल्या, "उद्या जरा सैल करून घेऊ. रवा किती आहे घरात? चिरोट्याला भिजवून ठेव रात्री, तूप मी फेसते."