मातोश्रींची बुद्धमूर्ती : स्वच्छता, डागडुजी आणि रंगकाम

गेल्या वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घराची झाडलोट करताना आमच्या मातोश्रींची बुद्धमूर्ती फळीवरून खाली आली. वीतभर उंचीची, प्लास्टर ऑफ पॅरिसची, भूमिस्पर्श मुद्रेतील ही मूर्ती त्यांनी दीक्षाभूमीच्या बाहेर मांडलेल्या दुकानातून घेऊन, लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून आणली होती. उजव्या हाताची दोन बोटे तुटली, चीवराच्या काठाचा टवका उडाला. त्या वेळी घरी आलेला वसतिगृहातील आठवीचा एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, खंडित झाली. आता नदीत सोडावी लागेल ना?"

त्या प्रश्नाने आम्हाला मूर्ती फुटल्यापेक्षा अधिक अस्वस्थ केले. धम्म स्वीकारून तीन पिढ्या झाल्या, तरी 'खंडित' हा शब्द आपल्या घरांतून गेलेला नाही. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देव आला असे मानले, तरच ती तुटल्यावर देव निघून गेला असे मानावे लागते. आपण वंदन करतो ते शास्त्याच्या स्मरणार्थ. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, तीही याच भावनेने, असे आम्ही समजतो. सारनाथ आणि मथुरा येथील कितीतरी बुद्धमूर्तींना आज हात नाहीत, काहींना मस्तकही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्यापुढे उभे राहावे आणि घरातली मूर्ती मात्र दोन बोटांसाठी पाण्यात टाकावी, हे विसंगत होय. शिवाय हे प्लास्टर शाडूसारखे पाण्यात विरघळून जात नाही. त्याचा गोळा नदीच्या तळाशी तसाच पडून राहतो.

डागडुजीस हात घालण्यापूर्वी हा पदार्थ समजून घ्यावा. जिप्सम नावाचे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. उरलेली पूड म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी मिसळले की ती पुन्हा जिप्सम बनून घट्ट होते. जिप्सम पाण्यात अगदी थोडे, लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास विरघळते. गोळा नाहीसा होण्यास हे प्रमाण पुरेसे नाही, पण पापणीची रेघ किंवा केसांची कुरळी वळणे बोथट होण्यास पुरेसे आहे. म्हणून अशी मूर्ती नळाखाली धरू नये, बादलीत बुडवून तर मुळीच ठेवू नये. अनेक घरांत नेमके हेच होते.

प्रथम कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. दाढीचा जुना, स्वच्छ ब्रश याला उत्तम. मेणबत्तीची काजळी आणि अगरबत्तीचा चिकट धूर धुळीसारखा निघत नाही. त्यासाठी कापसाचा बोळा पाण्याच्या आणि सौम्य साबणाच्या एका थेंबाने जेमतेम ओलसर करून फिरवावा, आधी बैठकीच्या खालच्या बाजूस फिरवून पाहावा. बोळ्यास रंग लागला तर तिथेच थांबावे.

जुना रंग खरवडण्याचा मोह आवरावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याचा संभव धरूनच चालावे. कोरडा पॉलिशपेपर मारल्यास ती धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूस शिसे घातक आहे. सुटलेले पोपडे बांबूच्या काडीने अलगद उचलावेत, ते खाली पसरलेल्या कागदातच गुंडाळून टाकावेत. मुलांना या वेळी दूर ठेवावे, ही गोष्ट शिक्षक असूनही आमच्या उशिरा ध्यानात आली.

पोपडे उचलताना चीवराच्या काठावर तीन थर दिसले. वर सोनेरी, त्याखाली काषाय, सर्वांत खाली पांढरा. म्हणजे मातोश्रींनी आणलेली मूर्ती काषाय चीवराची होती. सोनेरी रंग नंतरचा, बहुधा आमच्याच घरी कोणी उत्साहाने दिलेला. या सोनेरी रंगात सोने नसते, बहुधा पितळेची पूड असते. ती हवेने काळवंडते, म्हणून चेहरा मळकट दिसत होता.

बोटांसाठी तांब्याची बारीक तार घेतली. लोखंडाची तार गंजते आणि तांबूस डाग वर उमटतो. वाटीत आधी पाणी घेऊन त्यावर प्लास्टरची पूड भुरभुरावी. पुडीत पाणी ओतल्यास गुठळ्या होतात. तुटलेली जागा आधी ओलसर करावी, नाहीतर जुने कोरडे प्लास्टर नव्यातील पाणी शोषून घेते आणि जोड ठिसूळ राहतो. आमचा पहिला जोड असाच गळून पडला. मिश्रण थोड्याच मिनिटांत घट्ट होते, मात्र ते आतून सुकण्यास काही दिवस द्यावे लागतात.

सुकल्यावर त्या भागास पांढऱ्या डिंकाचे पातळ पाणी किंवा अॅक्रिलिक प्रायमर लावावा, अन्यथा प्लास्टर रंग पिऊन टाकते आणि ठिपके उमटतात. जुन्या तकतकीत ऑइल पेंटवर अॅक्रिलिक नीट धरत नाही. म्हणून आम्ही ओल्या बारीक पॉलिशपेपरने चीवराची चकाकी तेवढी मोडली आणि काषाय रंगाचे दोन पातळ हात दिले.

चेहऱ्यास मात्र काळजी वाटली. श्रीलंकेत मूर्तीचे नेत्र रंगविणारा कारागीर तिच्याकडे थेट न पाहता आरशात पाहून रंगवितो. तो विधी आपला नव्हे, पण डोळ्यांपाशी हात थबकतो हे खरे. अर्धोन्मीलित पापणीची रेघ केसभर वर गेली तरी करुणा जाऊन आश्चर्य दिसू लागते. डोळे आम्ही रंगविले नाहीत, काजळी तेवढी पुसली.

शेवटी वार्निश देण्याचा आग्रह मुलांनी केला. त्यांना अजिंठ्याची हकीकत सांगितली. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी तेथील चित्रांवर लाखेचे वार्निश दिले. हेतू रक्षणाचा होता. पुढे ते वार्निश पिवळे पडले आणि चित्रे झाकोळली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थर काढण्यासाठी दीर्घकाळ खपावे लागले.

मूर्ती आता खिडकीपासून दूर, ओल न येणाऱ्या भिंतीशी ठेवली आहे, आणि मेणबत्ती तिच्यापासून हातभर पुढे लावतो. नवी दोन बोटे जवळून पाहिली की किंचित निराळी दिसतात. त्या विद्यार्थ्याने ती पाहिली, बोटाने हलकेच चाचपली आणि प्लास्टरची उरलेली पूड वसतिगृहात नेऊ का, असे विचारले.