फोन ठेवल्याचा निरोप

जुन्या मासिकांच्या पानांची छायाचित्रे काढायची आणि ‘टेसरॅक्ट’ या मुक्त प्रणालीकडून त्यांतला मजकूर वाचून घ्यायचा, हे माझे बरीच वर्षे चाललेले काम. संगणक मी चाळिशीनंतर, चुकतमाकत शिकलो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, आज्ञा टंकायची आणि वाट पाहायची. एका खिडकीत पाने वाचली जातात, दुसरीत मी तपासणी करतो, तिसरीत शब्द शोधतो. अशा पाचसहा खिडक्या झाल्या की कोणती कशाची ते कळेनासे होते.

एका पहाटे मी भलतीच खिडकी बंद केली. काम चालू असल्याचे तिने बजावले होते. झोपेच्या भरात मी ‘हो’ म्हटले. सगळा मजकूर शेवटी एकाच फाइलीत उतरावा अशी माझी आज्ञा होती, त्यामुळे रात्रभराचे काम गेले. अंक त्याच दिवशी परत करायचे होते. मूळ पानांशी मजकूर ताडून पाहणे राहिले ते राहिलेच.

खिडकी मिटली तर आतले काम का मरावे? उत्तर टेलिफोनच्या तारेत सापडले. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्स आकाराला येऊ लागली तेव्हा टर्मिनल म्हणजे टेलिटाइप होते: कळफलक आणि कागदावर छापणारे यंत्र. त्याचे ‘टीटीवाय’ हे लघुरूप लिनक्स आजही वापरते. पुष्कळ टर्मिनले फोनच्या तारेने जोडलेली असत. तार तुटली की माणूस गेला असे समजून संगणक त्याच्या प्रोग्रामांना ‘हँगअप’, म्हणजे फोन ठेवल्याचा, निरोप धाडी. वेगळी सूचना नसेल तर निरोप मिळताच प्रोग्राम संपतो. आजची खिडकी ही त्या टेलिटाइपचे सोंग आहे. ती बंद करणे म्हणजे फोन ठेवणे.

‘नोहप’ या आज्ञेने प्रोग्राम हा निरोप कानाआड करतो. पण त्याच्याशी पुन्हा बोलता येत नाही. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी १९८७ साली ‘स्क्रीन’ लिहून मधला मार्ग काढला. निकोलस मॅरियटचा ‘टीमक्स’ त्याच वाटेवरचा, २००७ चा. मी तो वापरतो. प्रोग्राम टीमक्सलाच आपले टर्मिनल समजतात. खिडकी ही नुसती पाहण्याची झरोकी. ती मिटली तरी आतल्यांना पत्ता लागत नाही. कंट्रोल-बी आणि मग डी दाबून मी बाहेर पडतो, चहा घेऊन येतो आणि ‘टीमक्स अटॅच’ म्हणतो. सगळे जिथल्या तिथे. एकाच झरोकीत तिन्ही कामे नावानिशी राहतात. टर्मिनलात देवनागरी जोडाक्षरे अनेकदा फुटतात, म्हणून नावे नाइलाजाने रोमन अक्षरांत.

वीज गेली तर मात्र टीमक्सही जातो. म्हणून आता प्रत्येक पानाची वेगळी फाइल करतो.