उन्हाने कोलेस्टेरॉल जळत नाही

गेल्या वर्षी आमच्या पेठेतले एक निवृत्त गुरुजी मुलाच्या आधाराने दवाखान्याची पायरी चढले. आठ दिवसांपासून उलट्या, शौचास साफ नाही, पाणी कितीही प्यायले तरी तहान भागत नाही, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवी. बोलण्यातही थोडा घोटाळा. मला आधी साखरेची शंका आली, पण साखर ठीक होती. रक्तातले कॅल्शियम मात्र १३.४ निघाले. ते साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असावे लागते.

औषधांची पिशवी मागवली. तीत ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या रिकाम्या पुड्यांचा ढीग होता आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पाकिटे न फोडता तशीच. गुरुजींची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली!

पुडी मीच लिहून दिली होती. आठवड्याला एक, आठ आठवडे. पण लिहिले इंग्रजीत आणि माझ्या अक्षरात. गुरुजींनी अडीच महिने रोज एक घेतली. त्यात माझा दोष आहे, तो लपवत नाही.

गोळी का सोडली, असे विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उन्हाने कोलेस्टेरॉलचेच ड जीवनसत्त्व होते ना? मग सकाळी उन्हात बसतो, वर पुडी घेतो. गोळी कशाला?"

वाचकहो, ही समजूत पुष्कळांची आहे आणि तिच्यात थोडे तथ्य असल्यामुळेच ती पटते. आपले शरीर कोलेस्टेरॉल तयार करते तेव्हा त्याच्या अगदी आधीच्या पायरीवर एक पदार्थ बनतो. तो कातडीत असतो. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की त्याचे ड जीवनसत्त्व होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. म्हणजे दोघांचा कच्चा माल एकच, पण रक्तात फिरणारे तयार कोलेस्टेरॉल उन्हाने ड जीवनसत्त्वात बदलत नाही.

शिवाय प्रमाण पाहा. शरीर रोज साधारण एक ग्रॅम कोलेस्टेरॉल तयार करते. ड जीवनसत्त्वाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅमचा हा साठ हजारावा भागही नव्हे. विहिरीतून तांब्याभर पाणी काढल्याने विहीर आटत नाही.

ज्यांचे ड जीवनसत्त्व कमी असते त्यांचे कोलेस्टेरॉल पुष्कळदा बिघडलेले दिसते, हे खरे. परंतु वजन जास्त, चालणे नाही, दिवसभर घरात किंवा दुकानाच्या गादीवर बैठक, अशा माणसाचे दोन्ही आकडे बिघडणारच. एक बिघडले म्हणून दुसरे बिघडले असे नव्हे. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर सुमारे पाच वर्षे एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. तिचा निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस आला. दोन्ही गटांत हृदयविकाराचे झटके जवळपास सारखेच होते.

ड जीवनसत्त्व निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच काढू नका. हाडांसाठी ते हवेच. आपल्याकडे भरपूर ऊन असूनही त्याची कमतरता घरोघर आढळते. सकाळचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यात ते किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन उपयोगी. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे, भाजून घेऊ नये. बंद काचेच्या खिडकीतले ऊन या कामाचे नाही. मात्र पुडी मनाने घेऊ नये. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, जास्त झालेले लघवीवाटे निघून जात नाही. मग कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंड धोक्यात येते.

गुरुजींना जिल्ह्याच्या गावी दाखल करून सलाईन लावावे लागले. कॅल्शियम ताळ्यावर यायला दीड महिना लागला. कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी पुन्हा सुरू केली आहे. ते दर महिन्याला येतात. चिठ्ठी मराठीत, ठळक अक्षरांत लिहून घेतात आणि माझ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाहीत.