चिनी अक्षरांची ओळख : अर्धे अर्थाचे, अर्धे उच्चाराचे

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांनी चिनी बनावटीच्या यंत्रावर किंवा पिंपावर ती किचकट अक्षरे पाहिली असतील. 'एवढी चित्रे पाठ कोण करणार?' असे म्हणून आपण नजर फिरवतो. परंतु त्या अक्षरांची घडण एकदा ध्यानात आली की शाळकरी मुलांनाही ती शिकता येतात.

आपल्या 'क'ला उच्चार आहे, अर्थ नाही. चिनी अक्षराला बहुधा दोन्ही असतात. काही अक्षरे मुळात चित्रेच होती. 'मू' म्हणजे झाड. एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी रेघ आणि खाली फाकलेल्या दोन तिरप्या रेघा. अशी दोन झाडे शेजारी काढली की राई होते, तीन काढली की अरण्य. झाडाच्या डावीकडे माणूस काढला की 'विसावा'!

मात्र बहुसंख्य अक्षरे दोन भाग जोडून झाली आहेत. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चार सुचवतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथील भाषा शिकले आणि १९४२ साली तेथेच वारले. त्यांचे चिनी नाव 'के दिहुआ'. त्यातील 'के' अक्षराचा एक अर्थ झाडाची फांदी, म्हणून डावीकडे तेच झाड. उजवीकडचा भाग सुटा लिहिला तरी 'के' असाच वाचतात.

भगवान बुद्धांसाठी चिनी भाषेत 'फो' हे अक्षर आहे. डावीकडे माणूस, उजवीकडे 'फु' उच्चाराचा भाग. 'मा' म्हणजे आई. त्यात डावीकडे स्त्री आणि उजवीकडे घोडा! घोड्यालाही 'मा'च म्हणतात, म्हणून तो केवळ उच्चारापुरता आला. दोन्हींचा सूर मात्र वेगळा. सूर चुकला तर आईचा घोडा होतो.

आता कामाची गोष्ट. 'अग्नी'चे अक्षर म्हणजे माणसाची आकृती आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिणगी. 'स्फोट' हा शब्द दोन अक्षरांचा आहे आणि दोन्हींच्या डावीकडे हा अग्नी आहे. पण कढईत भाजी परतण्याच्या अक्षरातही तोच अग्नी असतो. म्हणजे हा भाग दिशा सांगतो, पुरता अर्थ नाही. तेव्हा अक्षर ओळखीचे वाटले म्हणून अंदाजाने पिंप उघडू नये. आत काय आहे, याची माहिती मराठीत किंवा हिंदीत मागून घ्यावी.

शिकायचे असेल तर गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक अक्षर. रेघा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे काढाव्यात. वर्तमानपत्र वाचायला दोन ते तीन हजार अक्षरे लागतात. रोज तीन शिकली तर वर्षात हजार होतात. आरंभ माणूस, झाड, पाणी आणि अग्नी यांपासून करावा. पुढच्या कितीतरी अक्षरांत हेच चौघे पुन्हा भेटतात.