सर्किट बोर्डाची मालयादी : चुका व त्यांचे मूळ

विजेचा मीटर, पंपाचा स्टार्टर किंवा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा उघडून पाहिला, तर आत बहुधा हिरव्या रंगाची एक पट्टी व तीवर डाळीच्या दाण्याएवढे अनेक भाग बसविलेले दिसतात. यालाच सर्किट बोर्ड म्हणतात. किराणा, कापड व भांडी यांच्या व्यापारात पिढ्यानपिढ्या असलेल्या घरांतील काही तरुण आता या सुट्या भागांच्या व्यापारात अथवा बोर्ड जुळविण्याच्या उद्योगात उतरत आहेत. त्यांच्या साऱ्या खरेदीचा आधार एकच कागद असतो. तो म्हणजे मालयादी. कारखान्यात तीस 'बिल ऑफ मटेरियल्स' किंवा नुसते 'बॉम' म्हणतात. मागणी पाचशे बोर्डांची असेल, तर यादीतील एका नगाची चूक म्हणजे पाचशे नगांची चूक होय. आणि रिळातून कापून दिलेला माल पुरवठेदार सहसा परत घेत नाही. सबब या यादीत चुका कशा शिरतात व त्या कशा शोधाव्यात, हे प्रत्येक संबंधिताने जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम यादी तयार कशी होते ते पाहू. बोर्डाचा आराखडा संगणकावर विशिष्ट प्रणालीत काढतात. 'कीकॅड' ही अशीच एक विनामूल्य प्रणाली आहे. फ्रान्समधील ज्यां-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये तिचा आरंभ केला व पुढे जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने तिच्या विकासास हातभार लावला. तीत प्रथम सर्किटाची आकृती काढावयाची असते. आकृतीतील प्रत्येक भागाजवळ त्याचा क्रमांक, त्याचे मूल्य, बोर्डावरील त्याची बैठक आणि, लिहिला असल्यास, उत्पादकाचा मालक्रमांक यांची नोंद असते. या नोंदी एकत्र करून प्रणाली यादी काढून देते. म्हणजे यादी कोणी लिहीत नाही. ती आकृतीतून उतरते. आपल्या हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर आकृती ही कीर्द आणि मालयादी ही खतावणी होय. कीर्दीत जे लिहिले तेच खतावणीत येणार. बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

पहिली चूक म्हणजे एकाच मालाच्या अनेक ओळी होणे. दहा किलो-ओहमचा रेझिस्टर आकृतीत एके ठिकाणी लहान लिपीतील 'के' घालून लिहिला, दुसरीकडे मोठ्या लिपीतील, आणि तिसरीकडे आकडा व अक्षर यांत जागा सोडली, तर मनुष्यास ते तिन्ही एकच वाटतात. प्रणालीस ते तीन निराळे माल वाटतात. मग एकाच मालाच्या तीन छोट्या खरेदी होतात व घाऊक भावाचा लाभ हातचा जातो.

दुसरी चूक याच्या उलट व अधिक घातक आहे. ओळी केवळ मूल्यावरून जुळविल्या, तर शंभर नॅनोफॅरडचे सारे कपॅसिटर एका ओळीत येतात. परंतु त्यांतील काही सोळा व्होल्ट सोसणारे व काही पन्नास व्होल्ट सोसणारे असतील. चोवीस व्होल्टच्या वाटेवर सोळा व्होल्टचा नग बसला, तर तो आज ना उद्या निकामी होणार, आणि तोवर माल गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेला असणार. यास्तव ओळी जुळविताना मूल्याबरोबर बैठक, व्होल्ट व मालक्रमांक यांचाही मेळ घालावा.

तिसरी चूक मापाची. पूर्वी मण हा शब्द एकच, पण प्रांतोप्रांती त्याचे वजन निराळे असे. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली व तो घोळ मिटला. या धंद्यात मात्र तसा घोळ अद्याप आहे. '०६०३' हा आकडा इंची पद्धतीने वाचला, तर भाग १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद असतो. मेट्रिक पद्धतीने वाचला, तर ०.६ लांब व ०.३ रुंद. यादीत पद्धतीचा उल्लेख नसेल, तर आलेला माल बैठकीवर बसत नाही. एका अक्षराचेही असेच आहे. एलएम३५८पी ही चिप पायांनी भोकांत बसते, तर एलएम३५८डीआर ही बोर्डाच्या पृष्ठावर चिकटते व रिळावर येते. यादीत नुसते 'एलएम३५८' असेल, तर निवड पुरवठेदाराच्या मर्जीवर राहते.

चौथी चूक मोजणीची. याच एलएम३५८ मध्ये दोन अॅम्प्लिफायर असतात व आकृतीत ते निरनिराळ्या जागी काढता येतात. त्यांस यू१ए व यू१बी असे क्रमांक दिले, तर यादीत एक चिप येते. यू१ व यू२ असे दिले, तर दोन येतात. तसेच चाचणीचे बिंदू व स्क्रूची भोके ही आकृतीत असतात, पण विकत आणावयाची नसतात. त्यांवर 'यादीतून वगळावे' अशी खूण हवी. जो भाग काही बोर्डांवर मुद्दाम रिकामा ठेवावयाचा, त्यावर 'बसवू नये' ही निराळी खूण असते. उलट स्क्रू, उष्णता शोषणारी पट्टी, बॅटरी व खुद्द कोरा बोर्ड या वस्तू आकृतीत बहुधा नसतात. म्हणून त्या यादीतही येत नाहीत आणि जुळणीच्या दिवशी त्यांची आठवण होते.

पाचवी चूक आकृती सोडल्यानंतरची. यादी हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे एक्सेलसारख्या प्रणालीत, उघडली की तो तक्ता आपल्या समजुतीने आकडे बदलतो. '०६०३' मधील पुढचे शून्य गळून '६०३' राहते. आपल्याकडे ओहमसाठी 'ई' लिहिण्याचा प्रघात आहे व दशांशचिन्ह पुसट होऊ नये म्हणून अक्षर त्याच्या जागी घालतात. १ई५ म्हणजे दीड ओहम. तक्ता मात्र त्यास दहाच्या घातांकातील संख्या समजून एक लाख करतो. वर्णनातील स्वल्पविरामामुळे रकाने सरकणे व 'मायक्रो'चे ग्रीक अक्षर बिघडणे, हेही नेहमीचेच. सारे रकाने मजकूर म्हणून उघडल्यास आकडे बदलत नाहीत; तसेच मायक्रोसाठी साधे 'यू' लिहावे.

आता शोधाची रीत. यादीतील नगांची बेरीज व बोर्डावरील भागांची संख्या समोरासमोर मांडावी. फरक आला, तर त्यातील प्रत्येक नगाचे कारण सांगता आले पाहिजे. मालक्रमांकाचा रकाना रिकामा असलेली एकही ओळ पुढे जाऊ देऊ नये. सारखे मूल्य असलेल्या ओळी शेजारी आणून त्या खरोखर निराळ्या आहेत काय, हे पाहावे. शेवटी दहापाच क्रमांक निवडून त्यांचा माग यादीतून आकृतीत व आकृतीतून बोर्डावर लावावा. आकृती बदलली आणि बोर्ड जुनाच राहिला असेल, तर ते येथे उघड होते.

चूक सापडल्यावर ती कोठे दुरुस्त करावी, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. घाईत मनुष्य तक्त्यातील ओळ खोडून नवी लिहितो. खरेदीही बरोबर होते. पण पुढच्या मागणीस यादी पुन्हा आकृतीतून निघते व जुनी चूक जशीच्या तशी परत येते. कीर्दीतील चूक खतावणीत खाडाखोड करून झाकणाऱ्या मुनिमास आपले वडील कामावर ठेवीत नसत. दुरुस्ती आकृतीतच करावी, यादी नव्याने काढावी आणि तीवर आवृत्ती व दिनांक घालावा.

यात केवळ नफ्या-तोट्याचाच प्रश्न नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमीअधिक मापे वापरणे व प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्या मालाच्या जागी त्यासारखा दिसणारा माल देणे, यांचा समावेश आहे. पन्नास व्होल्टच्या जागी सोळा व्होल्टचा नग गेला, तर गिऱ्हाइकास तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. अजाणता घडले, तर ती चूक होय. परंतु यादीतील दोष कळूनही माल तसाच पाठविणे ही चूक नव्हे. बदली भाग देणे अपरिहार्य असेल, तेव्हा तो यादीत स्पष्ट लिहून गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्यावी. यंत्र लिहिलेले उतरवून घेते. लिहिण्याचा खरेपणा मात्र आपल्यालाच राखावा लागतो.