भूकंपापूर्वीच घर व गोठा सावरा

उपनगरांतील पशुपालक व बागायतदार बंधू दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गोठ्याचे छप्पर नीट करतात आणि चाऱ्याची बेगमी करतात. पाऊस येणार हे ठाऊक असल्यामुळे ही कामे वेळेवर होतात. भूकंप मात्र सूचना देऊन येत नाही. म्हणून त्याची तयारी राहून जाते.

दोन पहाटांचा अनुभव

दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला व सुमारे १८० माणसे दगावली. दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या मुंबईतही तो जाणवला. पुढे दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. दोन्ही वेळी लोक घरात निजलेले होते. पळण्यास अवसर मिळाला नाही.

किल्लारीचा परिसर त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. मुंबई तर २००२ च्या मानकाप्रमाणे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात गणली गेली. उत्तरेस डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका अनुभवास आली. तेव्हा ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ असे समजून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

घरे का पडली?

किल्लारीकडील घरांच्या भिंती गोलसर दगड चिखलात रचून केलेल्या, दोन फुटांहून अधिक रुंद, आणि वर मातीचे जड धाबे. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंफलेले नव्हते. धक्का बसताच ते अलग झाले आणि दगड-माती निजलेल्यांवर कोसळली. माणसे मेली ती या भाराखाली. याउलट आरे किंवा बोरिवलीच्या पाड्यांवरील कारवीच्या कुडाचे जुन्या पद्धतीचे घर हलके असते; ते पडले तरी त्याचा भार माणसास सहसा चिरडत नाही.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात मुंबईतील उंच इमारती हलल्या, बैठ्या घरांत तो फारसा जाणवला नाही. त्यावरून बैठे घर निर्धोक ठरत नाही. दूरच्या भूकंपाच्या संथ लाटा उंच इमारतीस हलवितात. जवळच्या भूकंपाची जलद कंपने बैठ्या घरास अधिक हादरवितात.

आधी करावयाची कामे

१. दगडी भिंत ४५ सेंटिमीटरांहून रुंद बांधू नये. उंचीत दर ६० सेंटिमीटरांवर व लांबीत दर १२० सेंटिमीटरांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालावा.

२. दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून सलग फिरणारा लोखंडी सळयांचा काँक्रीट पट्टा द्यावा.

३. छपरावर जड माती, दगड किंवा भंगार ठेवू नये. गोठ्याच्या माळ्यावर जनावरांच्या डोक्यावर गवताच्या जड गासड्या रचू नयेत.

४. जनावरांच्या दाव्यास एका हिसक्यात सुटणारी गाठ मारावी. गोठ्याची वाट मोकळी ठेवावी.

५. कपाटे भिंतीस जखडावीत. विजेरी, पिण्याचे पाणी, औषधे व महत्त्वाची कागदपत्रे एका पिशवीत हाताशी ठेवावीत.

धक्का बसत असता व नंतर

घरात असल्यास मजबूत मेजाखाली बसून डोके झाकावे. जिन्याकडे किंवा उद्वाहकाकडे धावू नये. दार एका पावलावर असेल तरच बाहेर पडावे. बाहेर असल्यास भिंती व विजेच्या तारांपासून दूर उभे राहावे. मुलुंड, घाटकोपर येथील डोंगरउतारावर राहणाऱ्यांनी वरून घरंगळणाऱ्या दगडांवर लक्ष ठेवावे.

धक्का थांबल्यावर वायूची टाकी व विजेचा मुख्य खटका बंद करावा. काडी ओढू नये. तडा गेलेल्या घरात किंवा गोठ्यात जनावरे सोडविण्यासाठीही घाईने शिरू नये, कारण मागाहून धक्के येतात. मदतीसाठी ११२ किंवा महानगरपालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे.

भूकंप रोखणे मनुष्याच्या हाती नाही. भिंत नीट बांधणे व छपराचा भार उतरविणे त्याच्या हाती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करावयास शिडी लावाल, तेव्हा त्याच दिवशी भिंतींचीही एकदा तपासणी करावी.