डी ड्राइव्ह गेली कुठे?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. कुणीतरी संगणक उबंटूमध्ये सुरू केलेला असतो आणि दुसऱ्याला आपली डी ड्राइव्ह दिसत नाही.

ती कुठेही गेलेली नसते. सी, डी ही अक्षरं विंडोजने आपल्यापुरती दिलेली असतात, लिनक्सला त्यांचा पत्ताच नसतो. लिनक्स त्याच पार्टिशनला एसडीए३, एसडीबी१ असं काहीतरी म्हणतं. त्यातले ए, बी डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात. बाहेरची यूएसबी डिस्क लावून संगणक सुरू केला, की कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते.

आपलं लष्कर १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलं. छावणीत ‘डावीकडून तिसरा तंबू’ हा पत्ता मुक्काम हलेपर्यंतच खरा. ही नावंही तशीच. एरवी हसून सोडून दिलं असतं, पण लिनक्समध्ये फॉरमॅट करण्याची आज्ञा बहुधा हेच नाव घेऊन दिली जाते. आमच्या आजीच्या लग्नापासूनचे सगळे फोटो स्कॅन करून एका पार्टिशनवर ठेवले आहेत. एक अक्षर चुकलं तर काय होईल, याचा विचारही नको वाटतो.

कायमचा पत्ता म्हणजे यूयूआयडी. पार्टिशन फॉरमॅट होताना त्याच्यावरच लिहिला जाणारा हा क्रमांक. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये तो ३२ अंक-अक्षरांचा असतो, विंडोजच्या एनटीएफएसमध्ये १६. डिस्क कुठेही जोडा, तो बदलत नाही. सुरुवातीलाच आपोआप माउंट करायच्या पार्टिशनांची यादी एफएसटॅब या फाइलीत असते. तिथे एसडीबी१ ऐवजी हाच लिहावा. फक्त डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर क्रमांकही जसाच्या तसा उतरतो. मग एका पत्त्यावर दोन घरं! अशा दोन डिस्क एकदम जोडून ठेवू नयेत.

माणसांच्या सोयीसाठी असतं ते लेबल. दोन डिस्कांचं लेबल ‘डेटा’च असेल, तर उबंटू नंतर उघडलेली ‘डेटा१’ म्हणून जोडतं. रोजचा बॅकअप ‘डेटा’त जात असेल, तर कुठल्या दिवशीचा कुठल्या डिस्कवर गेला, शोधत बसा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण घरात हाक मारायला बाळ्या, बंड्या काहीतरी वेगळं असतंच ना?

लेबल मराठीत देता येतं. एक्स्ट४ मध्ये जागा १६ बाइटची, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त सगळ्यांना तीन-तीन बाइट लागतात. ‘ग्वाल्हेर’ला लागतात २७, म्हणून ते बसत नाही. ‘आजोबा’ १५ मध्ये बसतं. आमच्या बॅकअपच्या डिस्कचं नाव तेच आहे.